मंडळी टिकते कशाने?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत मंडळाच्या कामाचे कौतुक करावे आणि पुढील वर्षासाठी शुभेच्छा द्याव्यात, असा रिवाज आहे. कौतुक आपल्या चिटणीसबाईंच्या अहवालात आलेच आहे; त्यात मी भर घालीत नाही. मला विषय दिला आहे तो ‘ख्रिस्ती मंडळीचे चिरस्थायित्व आणि विश्वासणाऱ्यांचे पाचारण’ असा. एवढे जड नाव पाहून प्रथम मी घाबरले. मग मनाशी म्हटले, की ह्यात दोनच प्रश्न आहेत आणि ते दोन्ही घरातले आहेत. मंडळी टिकते कशाने, आणि ती टिकावी म्हणून माझ्यासारख्या साध्या बाईने काय करायचे?

आज आपल्यात ख्रिस्ती नसलेल्या शेजारणीही बसल्या आहेत. त्यांच्यासाठी एक खुलासा करते. ‘मंडळी’ हा शब्द ऐकून कोणी हसू नये. जुन्या काळी पुरुष आपल्या बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करीत. आम्ही ख्रिस्ती लोक हा शब्द वापरतो तो उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायाला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोलावून एकत्र आणलेले लोक असा आहे. म्हणजे मंडळी ही माणसांची असते. दगडविटांच्या इमारतीला आपण चर्च म्हणतो, देऊळ म्हणतो, पण इमारत हे मंडळीचे घर झाले. घर आणि घरची माणसे ह्यांत फरक आहे, हे बायकांना सांगायला नको.

ह्या मंडळीला प्रभूने एक वचन दिलेले आहे. कैसरिया फिलिप्पाच्या भागात पेत्राने त्याला ख्रिस्त म्हणून ओळखले, तेव्हा प्रभूने त्याला सांगितले, की मंडळी रचणारा मी स्वतः आहे आणि मृत्यूची सत्ता तिच्यावर मात करू शकणार नाही. हे वचन आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते खरे झालेले पाहतो. रोमचे सम्राट गेले, त्यांनी ज्यांना छळले त्यांची मंडळी राहिली. आपल्या सोलापुराचेच पाहा. भुईकोट किल्ल्यात किती राजवटी आल्या आणि गेल्या! ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर हे गाव उठे आणि जेवे, त्या गिरण्या बंद पडल्या. पण दर रविवारी सकाळी ह्या शहरात उपासनेची घंटा वाजते आणि माणसे गीतांची पुस्तके हातात घेऊन जमतात. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत प्लेग झाला, दुष्काळ पडले, १९३० चा मार्शल लॉ झाला, राज्य बदलले, अमेरिकन मिशनरी परत गेले, आणि उपासना चालू राहिली.

इथवर सांगितले की आपल्याला समाधान वाटते. माझे काम खरे म्हणजे इथून सुरू होते. कारण ह्या समाधानातून एक आळस जन्माला येतो. “देवाने वचन दिले आहे, तेव्हा मंडळी टिकणारच. माझ्यावाचून काय अडले आहे?” असे आपण तोंडाने म्हणत नाही, पण वागतो तसेच.

भगिनींनो, हे वचन साऱ्या जगातील मंडळीला आहे. अमुक गावची, अमुक गल्लीतली मंडळी कायम राहील असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातील सात मंडळ्यांना पत्रे आहेत. त्यांतील इफिस हे केवढे मोठे शहर! आज तेथे प्रवासी पडके खांब पाहायला जातात. उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टिनसारखा विद्वान बिशप होऊन गेला. ४३० साली तो वारला, तेव्हा त्याच्या हिप्पो शहराला शत्रूचा वेढा पडलेला होता. पुढील काही शतकांत त्या किनाऱ्यावरची भरभराटलेली मंडळी जवळजवळ नाहीशी झाली. त्याच आफ्रिकेत मिसर देशातली मंडळी मात्र आजतागायत जिवंत आहे. असे का व्हावे, ह्याची अनेक कारणे इतिहासकार देतात. त्यांतील एक कारण आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. मिसरमध्ये फार लवकर शास्त्रलेखांचे भाषांतर तेथील लोकांच्या बोलीत, म्हणजे कॉप्टिक भाषेत झाले, आणि शेतकऱ्यांच्या घरांतून ते वाचले जाऊ लागले. उत्तर आफ्रिकेत धर्माची भाषा लॅटिन राहिली. ती शहरातल्या शिकलेल्या लोकांची भाषा. डोंगराळ भागातल्या लोकांच्या भाषेत ते वचन पुरतेपणी उतरलेच नाही.

इतके दूर जायलाही नको. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा एक व्यापारी हिंदुस्थानच्या किनाऱ्याची माहिती लिहून गेला. ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांच्यासाठी इराणातून नेमलेला बिशप आहे, असे तो सांगतो. हे आपले ठाण्याजवळचे कल्याण बंदर असावे, असे पुष्कळ विद्वान मानतात. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बिशप असलेली मंडळी होती! पण तिची परंपरा पुढे चालत आली नाही. आज ती आपल्याला त्या व्यापाऱ्याच्या दोन ओळींपुरती ठाऊक आहे. केरळातल्या मंडळीने मात्र आपला दिवा पिढ्यान् पिढ्या विझू दिला नाही.

तेव्हा मंडळी टिकेल ह्याची काळजी नको. पण आपल्या गावात, आपल्या घरात ती टिकेल की नाही, हे आपल्याकडे पाहून ठरणार आहे. दिवा विझणार नाही असे वचन असले तरी आपल्या देवळीतल्या पणतीत तेल कोणी घालायचे, हा प्रश्न उरतोच.

आता महाराष्ट्रातली मंडळी आजवर कशाने वाढली आणि टिकली ते पाहू. ठोकळमानाने लोक म्हणतात, “मिशनरी आले, त्यांच्याकडे पैसा होता, म्हणून झाले.” पैसा आला हे खरे. शाळा, दवाखाने त्यातून उभे राहिले हेही खरे. पण नुसत्या पैशाने मंडळी उभी राहिली असती, तर पैसा थांबल्याबरोबर ती बसलीही असती. ती बसली नाही. म्हणजे आत दुसरे काही होते.

पहिली गोष्ट भाषेची. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ साली गोव्यात उतरला. येशूची कथा लोकांना लॅटिनमधून ऐकवायची नाही, तर त्यांच्याच ओवीत गुंफायची, असे त्याने ठरविले आणि ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य लिहिले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पुढे दूर बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी ह्यांनी पंडित वैजनाथ ह्यांच्या मदतीने मराठीचे काम हाती घेतले आणि १८११ साली मराठी नवा करार छापला. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस पोचले. त्यांच्या मिशनने १८३१ साली नगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, ठाणे केले, आणि १८६० नंतरच्या दशकात त्याच मिशनचे काम सोलापुरात रुजले. नगरहून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाला आणि तो अजून निघतो आहे. कीर्तनाची आपली देशी पद्धतही नगरच्या ख्रिस्ती लोकांनी उचलली. मंडळी मराठीत बोलू, गाऊ लागली, तेव्हाच ती इथली झाली.

दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक ठिकाणी एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला काहीतरी दिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे पाहा. ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. दोघांचे बोलणे झाले, कवितेवर, धर्मावर. निघताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचली. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपल्या ‘उपासना संगीता’त त्यांची किती पदे आहेत ते मोजून पाहा. ह्या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या त्या गृहस्थाचे नाव मात्र टिळकांनाही कळले नव्हते. त्याने एक प्रवास केला, एक पुस्तक दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. आपणही आगगाडीने, एस. टी. ने जातोच की! शेजारी बसलेल्या बाईला आपण गाव विचारतो, मुले विचारतो, भाजीचा भाव विचारतो. आपल्या मनाचा सर्वांत मोठा आधार कोणता, एवढे मात्र सांगायचे राहून जाते.

तिसरी गोष्ट बायकांची. ही मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण हे महिला मंडळ आहे आणि कारण ही गोष्ट नेहमी थोडक्यात आटोपली जाते.

प्रभू उठला ही वार्ता प्रथम घेऊन आली मरीया मग्दालिया. शोमरोनातल्या विहिरीवर आलेल्या बाईने घागर तिथेच टाकली आणि गावात जाऊन लोकांना बोलावून आणले. तिने काही प्रवचन केले नाही, या आणि पाहा एवढेच तिचे सांगणे होते. युरोपातील पहिल्या विश्वासणाऱ्यांमध्ये ज्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक आहे ती लुदिया. ती जांभळ्या किंमती कापडाचा व्यापार करी. सोलापूरच्या बायकांना ही बाई परकी वाटू नये! सूत, रंग, कापड ह्यांत ज्यांचे आयुष्य गेले, अशी घरे आपल्या शहरात गल्लोगल्ली आहेत. लुदियेने आधी ऐकले, मग आपले घर उघडून दिले, आणि फिलिप्पैची मंडळी त्या घरात जमू लागली. तीमथ्याचा विश्वास तर आजीकडून आणि आईकडून आला, असे पौल त्या दोघींची नावे घेऊन लिहितो. लोईस ही आजी, युनिके ही आई.

आपल्याकडे सिंथिया फरारबाई १८२७ साली मुंबईला आल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्या आरंभीच्या अविवाहित बायकांपैकी त्या एक. मुंबईत आणि पुढे नगरात त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या आणि १८६२ साली नगरातच त्यांनी देह ठेवला. जोतीराव फुल्यांनी त्यांची नगरची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे फरारबाईंच्या संस्थेत घेतले, असे चरित्रकार सांगतात. जोतीराव आणि सावित्रीबाई ख्रिस्ती झाले नाहीत. मग फरारबाईंचे श्रम फुकट गेले काय? ह्या सभागृहात बसून जी बाई उद्याची छापील स्मरणिका वाचू शकणार आहे, तिने ह्याचे उत्तर द्यावे.

सोलापुरात विसाव्या शतकाच्या आरंभी मेरी बी. हार्डिंगबाईंनी बालकांसाठी किंडरगार्टन चालविले आणि तसे वर्ग चालविणाऱ्या शिक्षिका तयार केल्या. लहान मुलाला छडीने न शिकविता खेळातून, गाण्यातून शिकवावे, ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. वोरोनोको हे नाव आपण इतके सहज उच्चारतो, की ते सोलापुरीच वाटते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ह्या नावाचे एक गाव आहे. ह्या शाळांतून शिकलेल्या मुली सर्व धर्मांच्या, सर्व पेठांतल्या. बायबल वाचून दाखविण्यासाठी वाड्यावाड्यांतून आणि खेड्यापाड्यांतून पायी फिरणाऱ्या देशी बायकाही ह्याच काळात होत्या. जेथे पुरुष मिशनऱ्याला माजघरात प्रवेश नव्हता, तेथे ह्या बायका जाऊन बसत. त्यांची नावे फारशी कोठे छापलेली नाहीत. मंडळीच्या इतिहासाचा पाया त्यांच्या चपला झिजून भरला गेला आहे.

पंडिता रमाबाईंचे केडगाव तर आपल्याच रेल्वे मार्गावर आहे. पुण्याला जाताना दौंड सोडले की थोड्या वेळाने स्टेशन लागते. दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुलींना आणि विधवांना त्यांनी तेथे आश्रय दिला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण बायबलाचे भाषांतर त्यांनी अशा मराठीत करायचे ठरविले की ते साध्या शिकलेल्या बाईलाही समजावे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. खिळे जुळविण्याचे आणि छापण्याचे काम मुक्तीतल्या बायकांनी केले.

अशी नावे ऐकली की आपली छाती भरून येते. पण आता मी एका अडचणीच्या विषयाकडे वळते. तो टाळून हे भाषण संपविले, तर ते शेजारणींच्या दृष्टीने अप्रामाणिक होईल.

आपला विश्वास दुसऱ्याला सांगणे म्हणजे दुसऱ्याला बाटविणे, असा समज आहे. दुष्काळात मिशनने धान्य दिले, म्हणून लोक ख्रिस्ती झाले, असे म्हणतात. रमाबाईंच्या शारदा सदनाबद्दलही हाच वाद १८९३ साली पुण्यात पेटला. विधवांना धर्माच्या बाबतीत मोकळीक राहील, अशा बोलीवर संस्था उभी होती. मुलींचा ओढा ख्रिस्ती प्रार्थनेकडे होऊ लागला असे दिसताच पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी थोर माणसे बाहेर पडली. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला सक्ती केली नाही, पण माझ्या खोलीत मी प्रार्थना करताना दार लावून घेणार नाही. दोन्ही बाजूंनी पाहिले तर ह्यातून आपल्याला एक धडा मिळतो. जिच्या पोटाची, निवाऱ्याची सोय आपल्या हाती आहे, तिच्याशी विश्वासाबद्दल बोलताना शंभर पट जपले पाहिजे. ती ‘हो’ म्हणाली तर ते तिच्या मनाचे ‘हो’ आहे की भुकेचे, हे तिलाही कळणार नाही. भाकरी द्यावी ती भूक आहे म्हणून. तिच्यापुढे अट ठेवली, तर ती भाकरी राहत नाही आणि ते शुभवर्तमानही राहत नाही.

आपल्या देशाच्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि आपला धर्म आचरण्याचा, सांगण्याचा, प्रसार करण्याचा हक्कही दिला आहे. ‘प्रसार’ हा शब्द असावा की नसावा, ह्यावर घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात वाद झाला आणि शब्द राहिला. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. काही ख्रिस्ती बांधवांना हा निकाल खटकतो. मला विचाराल तर सामान्य बाईच्या दृष्टीने त्यात आपल्या शास्त्राशी विसंगत काही नाही. मन पालटणे हे देवाचे काम आहे, ते माझ्या हक्कात कधीच नव्हते. माझ्याकडे आहे ती साक्ष. कोर्टातल्या साक्षीदाराने काय पाहिले ते सांगायचे असते. निकाल द्यायचा नसतो.

ह्याचा उत्तम नमुना म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या त्याही ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक त्यांनी सांभाळला आणि टिळकांनी तो सांभाळू दिला. घरात एवढा मोठा कवी, वक्ता, प्रचारक. पण बायकोच्या चुलीपाशी येऊन त्याने तिला धर्म बदलायला लावले नाही. लक्ष्मीबाई पाहत होत्या, विचार करीत होत्या. माणसामाणसांत शिवाशीव देवाने केली की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला आणि स्वतःच त्याचे उत्तर काढले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी चालत जाऊन. म्हणूनच १९१९ साली टिळक गेल्यावरही तो विश्वास ढळला नाही. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या ह्या बाईने टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून सबंध महाराष्ट्राला हसविले, रडविले. घाईने तिला ओढले असते तर मंडळीला एक माणूस लवकर मिळाले असते. लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या.

तेव्हा सांगायचे कसे? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी मी आपल्यापुढे ठेवते.

पहिली, घरापासून आरंभ. आपली मुले शिकून पुण्याला, बंगळूरला, परदेशी चालली आहेत. त्यांना आपण डबा देतो, लोणचे देतो. विश्वासाची शिदोरी दिली काय? रात्रीची कौटुंबिक प्रार्थना किती घरांत उरली आहे? मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटे एकत्र बसणे अवघड झाले आहे, हे मला कळते. पण लोईस आजीचे काम कोणताही पाळक करू शकत नाही. नातवंडाला मराठी वाचता येत नसेल, तर त्याला वाचून दाखवा. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाला इंग्रजी गीत पाठ असते आणि टिळकांचे पद परके वाटते. हे असेच चालले तर आपली गत त्या उत्तर आफ्रिकेसारखी होईल.

दुसरी, आधी ऐकणे. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एका चाळीत नांदतात. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत सारे शहर लोटते. दिवाळीचे ताट आपल्या घरी येते, नाताळच्या करंज्या त्यांच्या घरी जातात. जी शेजारीण आपल्याला तिच्या उपासाचे, तिच्या नवसाचे कारण मोकळेपणी सांगते, तिचे आपण मनापासून ऐकले पाहिजे. तिची चेष्टा करून, तिच्या देवाला नावे ठेवून कोणी शुभवर्तमान सांगू पाहील, तर तिला मी हात जोडून गप्प बसायला सांगेन. आणि शेजारणीने उलट विचारले, “तुम्ही दर रविवारी जाता, तुम्हांला तिथे काय मिळते?” तर मात्र गप्प बसू नये. त्या वेळी लाजून विषय बदलणे हे सभ्यपणाचे लक्षण नव्हे. तिने खरा प्रश्न विचारला आहे. तिला खरे उत्तर द्यावे.

तिसरी, सेवा. मिरजेला डॉक्टर वॉनलेस ह्यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले, त्या वेळी सोलापूर-विजापूरपासून लोक तेथे जात असतील तर ते बायबलाची चर्चा करायला नव्हे. डोळा, पोट, बाळंतपण घेऊन जात. तेथे त्यांना जे हात लागले, त्या हातांनी साक्ष दिली. आपल्याला रुग्णालय उभारता येणार नाही. पण सिव्हिल हॉस्पिटलात खेड्यातून आलेली एकटी बाई असते, तिच्यापाशी तासभर बसता येते. विड्या वळणाऱ्या बायका आपल्या वस्तीत आहेत. दिवसभर सूप मांडीवर घेऊन त्यांची पाठ मोडते. त्यांच्या मुलांचा अभ्यास संध्याकाळी ह्याच सभागृहात घेता येईल. हे करताना कोणाचा धर्म विचारू नये आणि आपला लपवू नये.

चौथी गोष्ट बोलायला कठीण आहे. आपण सांगतो, की ख्रिस्तामध्ये उच्च-नीच नाही. आणि मुलीचे लग्न ठरविताना हळूच विचारतो, “ते मूळचे कोण?” भगिनींनो, हा प्रश्न जोवर आपल्या बैठकीत विचारला जातो, तोवर आपली साक्ष कोणी का मानावी? लक्ष्मीबाईंनी जी शिवाशीव चुलीपाशी बसून मोडली, ती आपण सोयरिकीच्या वेळी पुन्हा सांधायची काय? १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा निरनिराळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या आपापली जुनी नावे बाजूला ठेवून एक झाल्या. पंथांना जे साधले, ते घरांना का साधू नये? मंडळीला बाहेरच्या शत्रूचे भय नाही, असे प्रभूचे वचन आहे. आतल्या भिंती मात्र आपण बांधलेल्या आहेत, आणि त्या आपल्यालाच पाडाव्या लागतील. मुलाबाळांची लग्ने जुळविण्यात बायकांचा शब्द किती चालतो, हे मी सांगायला नको. ह्या एका बाबतीत आपल्या मंडळाने ठरविले, तर दहा प्रवचनांचे काम होईल.

मी फार वेळ घेतला. सारांश इतकाच, की मंडळी राखणारा देव समर्थ आहे. पण आजवर त्याने ती राखली ती अशाच माणसांच्या हातांनी. कोणी आगगाडीत पुस्तक दिले, कोणी घर उघडले, कोणी खिळे जुळविले, कोणी शाळेत मुलींना गाणे शिकविले. त्यांतील बहुतेकांना आपल्या कामाचे फळ दिसले नाही. आपल्यालाही दिसेलच असे नाही.

आपल्या मंडळाचे पुढील वर्ष सेवेचे आणि प्रेमाचे जावो, आणि पुढल्या वर्धापनदिनी आपल्या शेजारणींनी ह्याहूनही मोठ्या संख्येने येऊन आपले दोष आपल्याला मोकळेपणी सांगावेत, इतकी त्यांच्याशी आपली मैत्री वाढो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.